काट्यावरचा रिमोट डेस्कटॉप: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२३

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

धरणगाव परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची तक्रार आज प्रत्यक्ष जाऊन पाहिली. कारखान्याचा हिशेबाचा सर्व्हर जळगावच्या कार्यालयात आहे, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ चालते, आणि फाटकाजवळच्या वजनकाट्यावरचा विंडोज १० चा संगणक व्हीपीएनमार्गे (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या सर्व्हरचा पडदा येथे दाखवणाऱ्या सोयीने, त्याला जोडला जातो. कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की भरलेले वजन, माल उतरवून परत आली की रिकामे वजन आणि दोहोंच्या फरकावर शेतकऱ्याच्या नावाची पावती, एवढेच काम या संगणकावर होते. मात्र ते थांबले तर फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागते.

भाऊबीजेनंतर आवक वाढली आणि तेव्हापासून रिमोट डेस्कटॉपची खिडकी दिवसातून चार-पाच वेळा आपोआप नाहीशी होते, असे काट्यावरचे मुनीम आप्पा सांगतात. मी पोहोचल्यावर पाऊण तासातच तो प्रकार डोळ्यांसमोर घडला. आप्पांनी माउसवरून हात उचलला, माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, ते परत बंद पडी गयं." पडद्यावर कोणतीही सूचना नव्हती, नुसता विंडोजचा डेस्कटॉप उरला होता. पुन्हा जोडणी केल्यावर अर्धवट भरलेला पावतीचा फॉर्म जसाच्या तसा समोर आला. म्हणजे सर्व्हरवरचे सत्र जिवंत राहिले आणि काट्यावरचा क्लायंट, म्हणजे जोडणी करणारा प्रोग्राम, तेवढा मेला.

हा फरक पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवत आहे. जोडणी तुटली असती, तर क्लायंटने पुन्हा जोडण्याचा प्रयत्न चालू असल्याची सूचना दाखवली असती आणि थोड्या वेळाने हार मानली असती. येथे खिडकीच गेली, त्यामुळे लाइन तुटणे आणि प्रोग्राम कोसळणे यांपैकी हे दुसरे दिसते. तरीही शेठजींचा ठाम समज "नेटचाच घोळ आहे" असा असल्यामुळे आणि तो पुराव्यानिशी दूर करणे आवश्यक असल्यामुळे सुरुवात नेटपासूनच करणार आहे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

काट्यावरच्या संगणकावरून एक अखंड पिंग (जोडणी जिवंत आहे का ते पाहणारा छोटा संदेश) राउटरला आणि दुसरा व्हीपीएनमधून सर्व्हरला लावून ठेवला. दिवसभरात क्लायंट तीन वेळा कोसळला आणि तिन्ही वेळी दोन्ही पिंग सुरळीत होते. ब्रॉडबँड पीपीपीओई पद्धतीचा (ज्यात पाकिटाचा कमाल आकार थोडा घटतो) असल्याने पाकिटाच्या आकाराचीही चाचणी घेतली. तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग गेला, १४६५ चा गेला नाही. शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात आणि पीपीपीओईसाठी तोच आकडा योग्य आहे.

व्हीपीएन काढून टाकून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) सरळ उघडावा, म्हणजे "मधला एक अडथळा कमी होईल", अशी सूचना कार्यालयातून फोनवर आली. ती मी नाकारली. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाने गाजलेली रिमोट डेस्कटॉपमधील त्रुटी विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांसारख्या जुन्या आवृत्त्यांपुरती होती आणि आपला सर्व्हर त्यांत बसत नाही, हे खरे आहे. परंतु उघडा ३३८९ शोधत फिरणारे आणि पासवर्ड आजमावून पाहणारे प्रोग्राम आवृत्ती विचारून येत नाहीत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

संगणकाचा कॅबिनेट उघडला. आतल्या पंख्यावर रुईचा इतका जाड थर बसला होता की तो बोटांनी उचलल्यावर गादीच्या कापसासारखा अखंड निघाला. जिनिंगच्या हवेत तंतू उडतच असतात आणि काट्याच्या खोलीची खिडकी प्लॅटफॉर्मच्या बाजूला उघडते. ब्लोअरने सफाई केली, रॅम काढून पुन्हा बसवली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत विंडोजची मेमरी चाचणी चालवली. दोष निघाला नाही. सफाई आवश्यकच होती, पण साडेचार वाजता क्लायंट पुन्हा कोसळला.

आज एक उपयुक्त तुलना मात्र झाली. आप्पांच्याच नावाने, त्याच व्हीपीएनवरून, माझ्या लॅपटॉपवर दोन तास काम करून पाहिले आणि एकदाही अडचण आली नाही. सर्व्हरवरील टर्मिनल सर्व्हिसेसच्या नोंदवहीतही आप्पांच्या सत्रासमोर २४ क्रमांकाची, म्हणजे सत्र विलग झाल्याची, आणि मिनिटाभराने २५ क्रमांकाची, म्हणजे ते पुन्हा जोडले गेल्याची, अशा नोंदींच्या जोड्याच तेवढ्या आहेत. माझ्या लॅपटॉपला प्रिंटर जोडलेला नव्हता ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. ती आली असती तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

काट्यावरच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीतील) अॅप्लिकेशन लॉग वाचला. प्रत्येक प्रसंगी १००० क्रमांकाची नोंद आहे: कोसळलेला प्रोग्राम एमएसटीएससी.ईएक्सई (रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट), दोषी मॉड्यूल एनटीडीएलएल.डीएलएल (डीएलएल म्हणजे प्रोग्राम वापरत असलेली कोडची फाइल), अपवादाचा कोड ०एक्ससी००००३७४. मॉड्यूल विंडोजचे स्वतःचे दिसल्यामुळे विंडोजच्याच फाइली बिघडल्या असाव्यात असे मी गृहीत धरले आणि डिस्मची दुरुस्ती व त्यापाठोपाठ एसएफसी स्कॅननाऊ असे विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारे दोन्ही उपाय केले. एसएफसीला एकही बिघडलेली फाइल सापडली नाही. त्या कोडचा अर्थ मी आजच नीट पाहायला हवा होता. घाईत पाहिला नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आप्पांचे म्हणणे असे की, जड ट्रॉली काट्यावर असतानाच खिडकी जाते. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलने संगणकाला जोडलेला आहे आणि तो पोर्ट रिमोट डेस्कटॉपमधून सर्व्हरपर्यंत पोहोचवला आहे, त्यामुळे संशयाला जागा होती. पोर्ट पुढे पाठवणे बंद केले आणि आप्पांना वजन हाताने टाइप करायला सांगितले. ते त्यांना आवडले नाही, आणि योग्यच आहे, कारण वजनाच्या आकड्यात माणसाचा हात आला की शेतकऱ्याच्या मनात शंका येते. दोन तासांत क्लायंट पुन्हा कोसळला. पोर्ट पूर्ववत चालू केला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

रिमोट डेस्कटॉप आवृत्ती ८.० पासून टीसीपीबरोबर यूडीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीचाही वापर करते. व्हीपीएनमधून जाणारी यूडीपी वाहतूक अनेक ठिकाणी त्रास देते हा माझा अनुभव आहे, म्हणून क्लायंटवरील यूडीपी ग्रुप पॉलिसीतून बंद केली. सोबत बिटमॅपचा (पडद्यावरच्या चित्रांचा) जुना साठाही पुसला. एकाच दिवशी दोन बदल करू नयेत हा नियम मीच इतरांना सांगतो आणि आज मीच मोडला.

२९ नोव्हेंबर, बुधवार

शनिवारी दुपारनंतर क्लायंट एकदाही कोसळलेला नाही. यूडीपी हेच कारण होते असा निष्कर्ष काढून शेठजींना फोनवर तसे कळवले आणि काम पूर्ण झाल्याची नोंद केली.

१ डिसेंबर, शुक्रवार

वरील नोंद रद्द समजावी. आज दुपारपर्यंत क्लायंट चार वेळा कोसळला.

चूक कशी झाली ते स्पष्ट लिहून ठेवतो. २६ तारखेच्या रविवारी उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि काही ठिकाणी गारपीट झाली, वेचणीला आलेला कापूस शेतातच भिजला आणि पुढचे तीन-चार दिवस कारखान्यात माल जवळजवळ आलाच नाही. ओला कापूस शेठ घेत नाहीत आणि शेतकरीही तो वाळवल्याशिवाय आणत नाहीत. त्या दिवसांत संगणक सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होता, रिमोट डेस्कटॉप जोडलेला होता, पण त्यावर काम झाले नव्हते. मी तास मोजत होतो, प्रत्यक्षात पावत्या मोजायला हव्या होत्या. पावत्यांचे पुस्तक उघडून कोसळण्याच्या वेळा त्यांच्यासमोर मांडल्या, तेव्हा संबंध उघड दिसला: ज्या दिवशी साठ-सत्तर पावत्या निघाल्या त्या दिवशी चार-पाच घटना, आणि २७ व २८ नोव्हेंबरला दोन्ही दिवस मिळून नऊ पावत्या व शून्य घटना.

असे असूनही आप्पा शपथेवर सांगतात की पावती छापताना खिडकी कधीच जात नाही. ती नंतर जाते, कधी पुढचे नाव टाइप करताना, कधी नुसता माउस हलवताना. त्यांचे निरीक्षण खोटे ठरवण्याचे मला कारण नाही.

२ डिसेंबर, शनिवार

अंदाज बांधणे थांबवून पुरावा गोळा करण्याची व्यवस्था केली. विंडोज एरर रिपोर्टिंगच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या भांडारात) लोकलडम्प्स या शाखेखाली एमएसटीएससी.ईएक्सईच्या नावाने नोंद करून डम्पचा प्रकार २, म्हणजे पूर्ण डम्प, ठेवला. आता प्रोग्राम कोसळेल तेव्हा त्याच्या त्या क्षणीच्या स्मृतीची प्रत फाइलमध्ये उतरेल. संध्याकाळपर्यंत दोन फाइली मिळाल्या.

४ डिसेंबर, सोमवार

दोन्ही डम्प जळगावला आणून विनडीबग या तपासाच्या साधनात तपासले. ०एक्ससी००००३७४ हा कोड हीप बिघडल्याचा आहे, आणि येथेच २३ तारखेच्या गृहीतकातील चूक दिसते. प्रोग्राम आपल्या कामासाठी स्मृतीचे लहानमोठे तुकडे मागून घेतो आणि परत करतो, तो साठा म्हणजे हीप. त्या साठ्याचा जमाखर्च एनटीडीएलएल ठेवते. कुणी आपल्या तुकड्याच्या हद्दीबाहेर लिहिले, तर शेजारच्या तुकड्याची नोंद बिघडते, पण ते त्याच क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधीतरी एनटीडीएलएल तो तुकडा परत घ्यायला जाते, हिशेब जुळत नाही आणि ती प्रोग्राम थांबवते. लॉगमध्ये नाव लागते ते तिचे.

शेठजींना हे समजावताना त्यांच्याच गोदामातले उदाहरण घेतले. १७० किलोच्या गठाणींच्या थप्पीतली खालची गठाण एका हमालाने सकाळी सरकवून ठेवली आणि दुपारी दुसऱ्याने वर गठाण चढवताच थप्पी कोसळली, तर सगळे दुसऱ्यालाच धरतात. शेठजी म्हणाले, "मग सकाळचा कोण, ते सांगा." प्रश्न अगदी योग्य होता आणि आजच्या डम्पमध्ये त्याचे उत्तर नव्हते, कारण दोन्ही डम्प थप्पी पडल्यानंतरचे आहेत. एका डम्पमधील कॉलस्टॅक (त्या क्षणी चालू असलेल्या कामांची साखळी) माउसच्या हालचालीचा आहे आणि दुसऱ्यातील कीबोर्डचा. आप्पांचे निरीक्षण अक्षरशः बरोबर ठरले.

५ डिसेंबर, मंगळवार

सकाळचा हमाल सापडला.

विंडोजच्या डीबगिंग साधनांत जीफ्लॅग्ज नावाचे साधन येते. त्यातून एमएसटीएससी.ईएक्सईपुरता पूर्ण पेज हीप चालू केला. या व्यवस्थेत प्रोग्रामने मागितलेला प्रत्येक तुकडा, मग तो वीस बाइटचा का असेना, ४ केबीच्या स्वतंत्र पानाच्या शेवटाला लावून दिला जातो आणि त्याच्या पुढचे पान मज्जावाचे ठेवले जाते. हद्द ओलांडून लिहिले की पाय मज्जावाच्या पानावर पडतो आणि प्रोग्राम तत्क्षणी, ओलांडणाऱ्याच्या हातूनच कोसळतो. स्मृती भरपूर खर्च होते आणि वेग मंदावतो, म्हणून हे फक्त तपासापुरते वापरायचे.

रिमोट डेस्कटॉप जोडायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. पहिली ट्रॉली आली, वजन झाले, आप्पांनी पावतीची आज्ञा दिली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे हेड जागचे हलण्यापूर्वीच खिडकी नाहीशी झाली. बाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याने खिडकीतून विचारले, "पावती कवय निघी, भाऊ?" आप्पांनी त्यांना कोऱ्या कागदावर वजन लिहून सही करून दिली आणि मी डम्प उचलला.

या वेळी कोड वेगळा होता, ०एक्ससी००००००५, म्हणजे मनाई असलेल्या पत्त्यावर लिहिण्याचा प्रयत्न. आणि कॉलस्टॅकच्या अगदी वर विंडोजची फाइल नसून प्रिंटरच्या ड्रायव्हरची (विंडोज आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या प्रोग्रामची) डीएलएल होती. खात्रीसाठी आणखी दोन पावत्या दिल्या. दोन्ही वेळी तीच डीएलएल, तोच पत्ता.

सर्व्हरवरून छापलेल्या पावतीचा दोष काट्यावर का उमटतो, हेही येथे नोंदवतो. सर्व्हर २००८ पासून रिमोट डेस्कटॉपमध्ये ईझी प्रिंट ही पद्धत आहे. तिच्यात सर्व्हरवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागत नाही. छपाईचे काम एक्सपीएस या पानाच्या स्वरूपात क्लायंटकडे येते आणि क्लायंट ते आपल्या स्थानिक ड्रायव्हरकडून छापून घेतो. त्यासाठी ड्रायव्हरची डीएलएल क्लायंट प्रोग्रामच्या पोटातच उतरते, आणि तिने हद्द ओलांडली की बिघाड होतो तो क्लायंटच्या हीपमध्ये. सर्व्हर, नेट आणि आप्पा हे तिघेही निर्दोष आहेत.

डीएलएलच्या गुणधर्मांत तारीख २०११ ची आहे. प्रिंटर जुना, सोबत आलेली सीडी अजून आप्पांच्या खणात आहे, आणि गेल्या वर्षी संगणक बदलला तेव्हा कुणीतरी त्याच सीडीवरून ड्रायव्हर बसवला. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा याहून नवा ड्रायव्हर या मॉडेलसाठी मिळाला नाही.

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडेआठला आप्पांचा फोन आला की संगणक "बैलगाडीसारखा" चालतो आहे. काल निघताना पेज हीप बंद करायला मी विसरलो होतो. फोनवरच आज्ञा सांगून तो बंद करवला आणि रिमोट डेस्कटॉप नव्याने सुरू करायला सांगितला. चूक सर्वस्वी माझी होती. त्या अर्ध्या तासात रांगेत थांबलेल्यांनी आप्पांना काय ऐकवले असेल ते आप्पांनी सांगितले नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

पर्याय पहिला: विंडोजसोबत येणारा फक्त मजकुराचा सर्वसाधारण ड्रायव्हर. क्लायंट कोसळला नाही, पावतीही वेगाने निघाली. परंतु शेतकऱ्याचे नाव आणि गाव मराठीत असते आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे व रिकाम्या जागा उमटल्या. नावे इंग्रजी लिपीत भरावीत असे कार्यालयाने सुचवले. आप्पांनी ते स्पष्ट नाकारले आणि मी त्यांच्या बाजूने बोललो. ज्या कागदावर पैसे मिळणार आहेत, त्यावरचे स्वतःचे नाव शेतकऱ्याला वाचता आलेच पाहिजे.

८ डिसेंबर, शुक्रवार

पर्याय दुसरा: प्रिंटरच्या पुस्तिकेत तो एप्सनच्या २४ पिनी प्रिंटरच्या आज्ञा समजतो असे लिहिले आहे. त्यानुसार विंडोज अपडेटमधून मिळालेला एप्सन एलक्यू मालिकेचा ड्रायव्हर बसवला. मराठी अक्षरे चित्ररूपाने छापली जात असल्याने नीट उमटली, फक्त पावतीला काही सेकंद जास्त लागतात.

अडचण निघाली ती कागदाची. पावतीचा सलग कागद १० बाय ६ इंचांचा आहे आणि नव्या ड्रायव्हरने तो ए४ धरला, त्यामुळे दुसरी पावती छिद्रांच्या रेषेवरच छापली गेली आणि फाडताना निव्वळ वजनाचा आकडा दोन तुकड्यांत विभागला. काट्यावरच्या संगणकात प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत १० बाय ६ इंचांचा स्वतंत्र फॉर्म तयार केला, प्रिंटरला तो ठरावीक म्हणून दिला आणि रिमोट डेस्कटॉप बंद करून पुन्हा जोडला, कारण कागदाचे आकार सर्व्हरला क्लायंटकडून जोडणीच्या वेळीच कळतात. त्यानंतर सलग बारा पावत्या रेषेवर बरोबर फाटल्या.

९ डिसेंबर, शनिवार

निव्वळ योगायोग नको म्हणून उलट चाचणी घेतली. कामकाज संपल्यावर जुन्या ड्रायव्हरचा प्रिंटर पुन्हा जोडला आणि त्याच पावतीच्या प्रती एकामागून एक दिल्या; एकोणिसाव्या प्रतीनंतर क्लायंट कोसळला. नव्या ड्रायव्हरवर त्याच पावतीच्या शंभर प्रती दिल्या, काही झाले नाही. रिबन मात्र फिकी पडली. ती बदलून देण्याचा खर्च माझ्या बिलातून वजा करावा.

यानंतर जुना ड्रायव्हर नुसता प्रिंटरच्या यादीतून न काढता प्रिंट सर्व्हरच्या ड्रायव्हर पानावरून पॅकेजसह काढला. यादीतून प्रिंटर काढला तरी ड्रायव्हर मागे राहतो आणि पुढे कुणी प्रिंटर पुन्हा जोडला की विंडोज मुकाट्याने तोच उचलते. आप्पांच्या खणातली सीडी त्यांच्या परवानगीने माझ्याकडे घेतली आहे.

१६ डिसेंबर, शनिवार

आठवडाभराची नोंद पावत्यांत: ११ ते १६ डिसेंबर या सहा दिवसांत ३८४ पावत्या निघाल्या, १००० क्रमांकाची एकही नोंद नाही. २५ नोव्हेंबरला बंद केलेली यूडीपी १३ तारखेला पुन्हा चालू केली. तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता आणि कारण नसलेला बदल मागे ठेवणे पुढच्या माणसावर अन्याय आहे. लोकलडम्प्सची नोंद मात्र तशीच ठेवली आहे. पूर्ण डम्प डिस्क खातात, म्हणून संख्या दहावरून तीनवर आणली.

शिल्लक कामे दोन आहेत. सरकीच्या गोदामातल्या संगणकाला याच मॉडेलचा प्रिंटर जोडलेला आहे. तेथे दिवसाला पाच-सहाच पावत्या निघत असल्याने तक्रार आलेली नाही, पण ड्रायव्हर तोच जुना असण्याची शक्यता आहे, तो सोमवारी पाहीन. काट्याच्या खोलीची प्लॅटफॉर्मकडील खिडकी बंद करून पंखा दुसऱ्या बाजूला लावण्याचे शेठजींनी मान्य केले आहे. आज कॅबिनेट पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा २२ नोव्हेंबरला साफ केलेल्या पंख्यावर रुईचा पातळ थर परत बसू लागला होता.